पाठच्या बाळाचा आजार : आफ्रिकेतील बालपोषण, दुधाची भुकटी आणि शेंगदाण्याची पुडी

#धागा #इतिहास

क्वाशिऑर्कर. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत ग्रीक-लॅटिन नावांच्या पंगतीत बसलेला हा शब्द पश्चिम आफ्रिकेतील अक्रा शहराच्या गा भाषेतला आहे. पाठचे भावंड जन्माला आले की आधीच्या बाळाचे अंगावरचे दूध तुटते. अशा बाजूला सारल्या गेलेल्या बाळाला जडणारा आजार, असा त्याचा अर्थ. आफ्रिकेतील मुलांच्या पोषणासाठी जगाने गेल्या शतकात जो दानधर्म केला, त्याची कथा या शब्दापासूनच सांगायला हवी. आजाराचे अर्धे निदान त्या शब्दातच होते. दात्यांना ते उमगायला मात्र दशके लागली.

१/
सिसिली विल्यम्स यांचा जन्म १८९३ साली जमैकात झाला. ऑक्सफर्डमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेऊन १९२९ मध्ये त्या ब्रिटिश वसाहतीच्या आरोग्यसेवेत गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये, रुजू झाल्या. अक्र्यातील बालरुग्णालयात त्यांच्यापुढे साधारण एक ते चार वर्षे वयाची एकाच प्रकारची मुले येत होती. पाय आणि चेहरा सुजलेला, पोट पुढे आलेले, केस तांबूस व विरळ, कातडी काळवंडून पापुद्र्यांसारखी सुटणारी. मूल चिडचिडे, आणि सर्वांत विचित्र गोष्ट म्हणजे उपाशी असूनही त्याला अन्नाची वासना नसे. सुजेमुळे ते वरवर गुटगुटीत दिसे. त्यामुळे नवख्या डॉक्टराला उपासमारीची शंकाही येऊ नये, अशी स्थिती.

२/
विल्यम्स यांनी जे केले ते आज साधे वाटते. १९३० च्या दशकातील वसाहतीच्या नोकरशाहीत ते साधे नव्हते. त्यांनी स्थानिक स्त्रियांना विचारले की याला तुम्ही काय म्हणता. उत्तर मिळाले. ही मुले मक्याच्या पेजेवर वाढत होती आणि त्यांच्या आया पुन्हा गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या होत्या. १९३३ मध्ये विल्यम्स यांनी मक्याच्या आहाराशी निगडित बालरोग म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. उष्णकटिबंधीय रोगांचे नामांकित तज्ज्ञ ह्यू स्टॅनस यांनी हा तर जुनाच पेलाग्रा आहे, असे म्हणून ते बाजूला सारले. १९३५ मध्ये विल्यम्स यांनी ‘लॅन्सेट’मध्ये पुन्हा लेख लिहिला आणि त्यात गा भाषेतला शब्दच रोगाचे नाव म्हणून ठेवला.

हा केवळ सौजन्याचा भाग नव्हता. स्वतःच्या नावाने रोग नोंदवण्याची त्या काळी रीत होती. ती टाळून त्यांनी आयांच्या निरीक्षणाला शास्त्रीय पुराव्याचा दर्जा दिला.

३/
वरिष्ठांशी खटके उडाल्यावर १९३६ मध्ये त्यांची बदली मलायात झाली. तेथे दुसराच प्रकार दिसला. परिचारिकेच्या वेशातील विक्रेत्या घरोघर जाऊन नव्या आयांना गोड आटवलेले डबाबंद दूध अंगावरच्या दुधापेक्षा चांगले म्हणून विकत होत्या. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबपुढे विल्यम्स यांनी भाषण केले. शीर्षक होते ‘दूध आणि खून’. अशा प्रचाराने होणाऱ्या बालमृत्यूंना खूनच मानले पाहिजे, असे त्यांनी भर सभेत सांगितले. पुढे जपानी आक्रमणात त्यांना चांगीच्या बंदिवासात काही वर्षे काढावी लागली. युद्धानंतर, १९४८ मध्ये, नव्या जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या.

४/
त्याच सुमारास आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला एक प्रयोग चालू होता. दानधर्माच्या इतिहासात त्याला फार कमी जागा मिळते. दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात फोलेला येथे १९४० मध्ये सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने झुलू वस्तीत आरोग्यकेंद्र उघडले. केंद्राचे कार्यकर्ते स्थानिक होते. ते घरोघर जात, कोणाच्या घरी काय शिजते याची नोंद ठेवत, परसात भाजीपाला लावण्यास मदत करत. रोग्याची वाट पाहत दवाखान्यात बसण्यापेक्षा वस्तीचे आरोग्य तपासायचे, हा त्यामागचा विचार. मुलांमधील क्वाशिऑर्कर तेथे घटत गेला.

१९४८ नंतर वर्णभेदी राजवटीने या कामाचा श्वास कोंडला आणि १९५८ मध्ये कार्क दांपत्याने देश सोडला. त्याआधीच जॅक गायगर नावाचा एक अमेरिकन वैद्यकीय विद्यार्थी तेथे काम पाहून गेला होता. १९६० च्या दशकात त्याने मिसिसिपीतील माउंड बायू येथे गरीब कृष्णवर्णीयांसाठी तसेच केंद्र उभे केले. तेथे कुपोषित मुलांना औषधाच्या चिठ्ठीवर चक्क अन्न लिहून दिले जाई आणि त्याचे बिल केंद्राच्या औषधखात्यातून भागवले जाई. आफ्रिकेला नेहमी घेणाऱ्याच्या भूमिकेत पाहणाऱ्यांनी हा प्रवास उलट दिशेने झाला होता, हे लक्षात घ्यावे. अमेरिकेतील सामुदायिक आरोग्यकेंद्रांच्या वंशावळीत एक मूळ पुरुष नाताळच्या डोंगरांतला आहे.

५/
पण युद्धोत्तर जगाने फोलेलाचा रस्ता धरला नाही. त्याने दुधाच्या भुकटीचा रस्ता धरला.

१९५२ मध्ये जॉन ब्रॉक आणि मार्सेल ऑत्रे यांचा आफ्रिकेतील क्वाशिऑर्करवरचा अहवाल जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केला. रोग खंडभर पसरलेला आहे, कारण प्रथिनांची उणीव, उपाय प्रथिने, असा त्याचा रोख होता. येथवर ठीक. परंतु नेमक्या त्याच वर्षांत अमेरिकेत मलईरहित दुधाच्या भुकटीचे ढीग साठत होते. शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून तेथील सरकार दुधाचे पदार्थ विकत घेई.  युनिसेफमार्फत ती भुकटी आफ्रिकेत आणि आशियात जाऊ लागली. भुकेल्या मुलाची गरज आणि भरलेल्या गोदामाची अडचण यांची सोयरीक जमली. आफ्रिकेतील मुलाला काय हवे, याचे उत्तर गोदामात काय शिल्लक आहे यावरून ठरू लागले.

भुकटीने जीव वाचले नाहीत, असे म्हणणे अन्याय होईल. रुग्णालयांत ती अतिशय उपयोगी पडली. पण तिच्यातून लोणी, म्हणजेच ऊर्जेचा मोठा भाग, आधीच काढलेला असे. ती कालवायला स्वच्छ पाणी लागे आणि नेमके तेच त्या घरांत नसे.

६/
पुढची वीस वर्षे प्रथिनांच्या नावाने मोठी यंत्रणा उभी राहिली. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा प्रथिन सल्लागार गट स्थापन झाला. माशांचे पीठ, तेलबियांच्या पेंडीचे पीठ असे नाना प्रयोग झाले. १९६८ मध्ये तर संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या ‘प्रथिन-संकटा’चा इशारा दिला.

या मतप्रवाहाविरुद्ध उभे राहिलेल्यांत एक मराठी माणूस होता. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे रोममध्ये जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक होते. आकडे तपासून त्यांनी दाखवले की ज्यांच्या आहारात प्रथिने कमी पडतात, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या आहारात मुळात अन्नच कमी पडते. पोट अर्धे राहिले की शरीर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळून टाकते. सरपण नाही म्हणून घराचे वासे चुलीत घालावेत, तसे. अशा मुलाला नुसती प्रथिने देऊन काय साधणार? हैदराबादमध्ये सी. गोपालन यांनाही असेच आढळले होते. क्वाशिऑर्कर झालेली मुले आणि मरास्मसने वाळून गेलेली मुले यांच्या आहारात त्यांना ठळक फरक दिसला नाही.

(सुखात्म्यांची सगळीच मते निर्विवाद नव्हती. उपासमार कशी मोजायची यावरून पुढे पुण्यातच वि. म. दांडेकरांशी त्यांचा जोरदार वाद झाला. तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.)

१९७३ मध्ये तज्ज्ञ समितीने प्रथिनांची आवश्यक मात्राच खाली आणली आणि जगाची ‘प्रथिन-दरी’ कागदावर एकाएकी बुजली. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लॅरन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या साऱ्या पर्वाला महान प्रथिन-फजिती असे नाव दिले. गंमत अशी की क्वाशिऑर्कर नेमका कशाने होतो, हे आजही पूर्ण सुटलेले कोडे नाही. मलावीतील जुळ्या भावंडांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या जुळ्यांपैकी एकालाच तो झाल्याचे दिसले. संशयाची सुई आतड्यातील जीवाणूंकडे वळली आहे.

७/
आता बियाफ्रा. दानधर्माच्या आधुनिक रूपाची पाळेमुळे या युद्धात आहेत.

मे १९६७ मध्ये नायजेरियाच्या पूर्वेकडील इग्बोबहुल प्रदेशाने बियाफ्रा या नावाने स्वातंत्र्य घोषित केले. नायजेरियाने नाकेबंदी केली. १९६८ च्या उन्हाळ्यात क्वाशिऑर्करने सुजलेल्या बियाफ्रन मुलांची छायाचित्रे युरोपच्या वर्तमानपत्रांत झळकली. त्यांचा प्रसार करण्यात बियाफ्रा सरकारने जिनीव्हात नेमलेल्या प्रसिद्धी-संस्थेचाही हात होता. युरोपभर पैसा जमला. चर्चसंस्थांनी एकत्र येऊन साओ टोमे बेटावरून रात्रीची विमाने सोडली. रुंद केलेल्या रस्त्याचीच धावपट्टी करून बनवलेल्या उली विमानतळावर, दिवे क्षणभर लावून लगेच विझवत, ती उतरत. चर्चसंस्थांच्या या गटाची पाच हजारांवर उड्डाणे झाली आणि सुमारे साठ हजार टन सामग्री पोहोचली. तिच्यात नॉर्वेतील सुकवलेला कॉड मासाही होता. इग्बो स्वयंपाकात तो आधीपासून ओळखीचा असल्याने लोकांनी तो आनंदाने खाल्ला. ही गोष्ट लहान वाटते, पण दुधाच्या भुकटीच्या तुलनेत तिचे मोल कळते.

जानेवारी १९७० मध्ये बियाफ्रा शरण आला. मृतांचे अंदाज पाच लाखांपासून वीस लाखांच्या पलीकडे जातात. त्यांत बहुसंख्य उपासमारीचे बळी, आणि त्यांत मुलेच अधिक.

८/
बियाफ्राने दोन वारसे मागे ठेवले. पहिला संस्थांचा. तेथे काम केलेल्या काही फ्रेंच डॉक्टरांना तटस्थतेच्या नावाखाली मौन बाळगणे पटले नाही. त्यांच्या अस्वस्थतेतून १९७१ च्या डिसेंबरात ‘मेदसाँ साँ फ्रॉन्तिएर’, म्हणजे सीमारहित डॉक्टर, ही संघटना जन्मली. दुसरा वारसा चित्राचा. मोठे पोट, मोठे डोळे, चौकटीत एकटेच बसलेले मूल. ना आई, ना गाव, ना युद्धाचे कारण. भूक जणू त्या मातीचाच गुण आहे, असे ते चित्र सुचवते. इथिओपियाच्या १९८४ च्या दुष्काळात तेच चित्र पुन्हा आले. तेथे उपासमारीला लष्करी राजवटीचे युद्धही तितकेच जबाबदार होते; ‘लाइव्ह एड’च्या गाण्यांतून मात्र दुष्काळ जणू केवळ आकाशातून कोसळलेला होता.

विमानांनी युद्ध लांबवले, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही आहे. अन्नाच्या विमानांच्या आडून शस्त्रांचीही विमाने त्याच धावपट्टीवर उतरत होती, हे खरे. पण म्हणून मुलांना मरू द्यायला हवे होते, असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी नाकेबंदी कोणी केली होती, ते आधी सांगावे. उपासमार हे शस्त्र म्हणून वापरणाऱ्याचा दोष अन्न नेणाऱ्याच्या माथी मारणे हा हिशेब सरळ नाही.

९/
विल्यम्स यांचा सिंगापूरचा इशारा १९७० च्या दशकात आफ्रिकेच्या संदर्भात पुन्हा उठला. ‘वॉर ऑन वाँट’ या ब्रिटिश संस्थेने १९७४ मध्ये पुस्तिका काढून बाटलीच्या दुधाचा प्रचार गरीब देशांत काय करतो ते मांडले. १९७७ मध्ये नेस्लेवरील बहिष्कार सुरू झाला. १९८१ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या जाहिरातींवर मर्यादा घालणारी संहिता ११८ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केली. ते एक विरोधी मत अमेरिकेचे होते.

या लढ्यात कोणी धान्याचे पोतेही वाटले नव्हते. तरी बालपोषणाच्या इतिहासात त्याची गणना वरच्या रांगेत व्हायला हवी.

१०/
तीव्र कुपोषित मुलावरचा उपचार मात्र १९९० च्या दशकापर्यंत दुधातच अडकला होता. आता ते साधे दूध नव्हते; तेल, साखर, क्षार आणि जीवनसत्त्वे मिसळलेले एफ-७५ व एफ-१०० हे सूत्रबद्ध दूध होते आणि ते उत्तम होते. अडचण जुनीच होती. कालवलेले दूध तासा-दोन तासांत नासते, म्हणून ते घरी देता येत नाही. मूल केंद्रात ठेवावे लागे आणि आईलाही आठवडेच्या आठवडे तेथेच राहावे लागे. पेरणीच्या दिवसांत, घरी आणखी चार लेकरे असताना, कोणती आई तेथे थांबू शकेल? खच्चून भरलेल्या केंद्रांत गोवर आणि जुलाब एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात ते वेगळेच.

फ्रेंच पोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियाँ यांनी या दुधाचे बिस्किट, वडी असे प्रयोग करून पाहिले, जमेना. अखेर १९९६ मध्ये नॉर्मंडीतील न्यूट्रिसेट कंपनीच्या मिशेल लेस्कान यांच्यासह त्यांनी उत्तर शोधले. दुधाच्या भुकटीचा काही भाग काढून तेथे शेंगदाण्याची पेस्ट घातली. तेलकट पेस्टमध्ये पाणी जवळजवळ नसल्याने जीवाणूंना वाढायला वाव नाही. कालवायला नको, शिजवायला नको. ९२ ग्रॅमची एक पुडी, ५०० उष्मांक, आणि उघडायची कोणी तर मुलानेच. ‘प्लम्पी-नट’ हे तिचे नाव.

११/
पुडीपेक्षा मोठा शोध म्हणजे मूल घरी राहू शकते, हा. २००० मध्ये इथिओपियात स्टीव्ह कॉलिन्स यांनी आणि २००१ पासून मलावीतील ब्लँटायर येथे मार्क मॅनरी यांनी कुपोषित मुलांना रुग्णालयातून घरी पाठवून पुड्या आयांच्या हाती दिल्या. सहकाऱ्यांना हे धाडस बेजबाबदार वाटले होते. मुले मात्र बरी झाली, आणि रुग्णालयातल्यांपेक्षा अधिक संख्येने. २००५ च्या नायजरमधील संकटात सीमारहित डॉक्टरांनी साठ हजारांहून अधिक तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले, बहुतेकांवर घरी ठेवूनच. जुन्या पद्धतीत एवढ्या खाटा कोठून आल्या असत्या? २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी ही पद्धत अधिकृतपणे स्वीकारली.

पुढे नायजरमध्येच आणखी एक पाऊल पडले. दंडघेर मोजण्याची लाल-पिवळी-हिरवी फीत आरोग्य कार्यकर्तीकडून काढून थेट आयांना देण्यात आली. साडेअकरा सेंटिमीटरखाली दंड गेला की लाल. महाराष्ट्रातील अंगणवाडीतही हीच फीत आणि हाच आकडा वापरतात. आया कार्यकर्त्यांइतक्याच बिनचूकपणे मोजतात, आणि मूल फार खालावण्याआधी आणतात, असे अभ्यासात दिसले. १९३० च्या दशकात अक्र्याच्या बायांना जे ओळखता येत होते, ते नायजरच्या आयांना ओळखता येईल यावर विश्वास ठेवायला ऐंशी वर्षे लागली.

१२/
येथे शेंगदाण्याचा स्वतःचा इतिहास आठवणे आवश्यक आहे. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा दाणा पोर्तुगीज व्यापाराबरोबर आफ्रिकेत आला. फ्रेंच वसाहतकाळात सेनेगल आणि नायजर येथील शेतकऱ्यांनी तो कर भरण्यासाठी पिकवला आणि त्याचे तेल मार्सेय आदी फ्रेंच बंदरांतील गिरण्यांत निघाले. ज्वारी-बाजरीच्या जमिनीवर तो पसरला. त्याच प्रदेशातील नातवंडांना पुढे तोच शेंगदाणा नॉर्मंडीहून चकचकीत पुडीत, दान म्हणून, आणि एकस्वाच्या संरक्षणाखाली मिळाला. हे एकस्व बऱ्याच देशांत २०१८ च्या सुमारास संपले. त्याआधीच नियामेतील एका नायजेरीय नव्हे तर नायजरच्याच कारखान्यात परवान्याने पुड्या बनू लागल्या होत्या. त्याची दखल वर्तमानपत्रांनी फारशी घेतली नाही. चित्र काढण्यासारखे त्यात काही नव्हते.

पुडीलाही मर्यादा आहे, आणि तिच्या भक्तांना ती सांगावी लागते. ती आजारी मुलाला बरे करते. ते मूल परत त्याच घरात, त्याच रिकाम्या कणगीकडे आणि त्याच गढूळ पाण्याकडे जाते. फोलेलाच्या परसबागा त्या ठिकाणी होत्या.

१३/
आणि आता हे सारे इतिहासजमा होते की काय, अशी वेळ आहे. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने आपली परदेशी मदत थांबवली आणि जुलैपर्यंत ‘यूएसएड’ ही संस्थाच बंद केली. पुड्या बनवणाऱ्या अमेरिकन कारखान्यांची कंत्राटे रद्द झाली, मग काही परत दिली गेली. मधल्या काळात तयार माल गोदामांत पडून राहिला. त्याच जुलैत जागतिक अन्न कार्यक्रमाने सांगितले की ईशान्य नायजेरियातील बोर्नो आणि योबे राज्यांतील दीडशेहून अधिक पोषणकेंद्रे पैशाअभावी बंद होतील आणि दोन वर्षांखालील तीन लाखांहून अधिक मुलांचे उपचार थांबतील.

यावर एक उत्तर तयार असते : आफ्रिकेने आता स्वतःचे पाहावे. त्यात तथ्यांश आहे. २००१ मध्ये अबुजा येथे आफ्रिकन राष्ट्रांनी अर्थसंकल्पाचा १५ टक्के भाग आरोग्यावर खर्च करण्याची प्रतिज्ञा केली. ती पाळणारे देश बोटांवर मोजण्याइतके निघाले. त्या सरकारांना याचा जाब विचारला गेलाच पाहिजे. पण एका रात्रीत काढून घेतलेली मदत स्वावलंबन शिकवते, हा युक्तिवाद इतिहासाला धरून नाही. नियामेचा कारखाना, मलावीतील गावोगावच्या कार्यकर्त्या, नायजरच्या आयांच्या हातातील फिती, हे सारे वर्षानुवर्षे सातत्याने आलेल्या पैशातून उभे राहिले. देणाऱ्याने हळूहळू हात काढून घेण्याचा करार करणे वेगळे आणि मूल अर्ध्या उपचारावर असताना केंद्राला कुलूप लावणे वेगळे. तीव्र कुपोषणाचा उपचार साधारण सहा ते आठ आठवड्यांचा असतो. त्या आठवड्यांचा पुरवठा कोणत्याही देशाच्या राजधानीतील निवडणुकीवर अवलंबून राहता कामा नये, एवढी किमान अट दात्यांवर घालता येईल. त्यासाठी पुड्यांची खरेदी आधी नियामे आणि ब्लँटायर येथून व्हावी, मग अटलांटिकपलीकडून.

बोर्नोतील आईला मुलाचा दंड मोजता येतो. फीत लाल दाखवते तेव्हा तिला काय झाले आहे हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. केंद्र उघडे असेल तर ती आठ-दहा मैल चालूनही येते.

(समाप्त)